मंडईला नाव, सभागृहात एक मत : कंत्राटदार जोतीराव आणि ‘शेतकऱ्याचा असूड’



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काहींनी आम्हाला विचारलं, की फुल्यांवर आता नवीन काय सांगणार? प्रश्न रास्त आहे. शाळा, सत्यशोधक समाज, गुलामगिरी, सावित्रीबाई या सगळ्यावर पुष्कळ बोललं गेलं आहे आणि ते आवश्यकच होतं. आज आपण जरा बाजूच्या दाराने आत जाऊ. हे दार मंडईतून उघडतं.

पुण्याची मंडई तुम्ही पाहिलेली असेल. मधोमध उंच मनोरा, भोवती भाजीचे गाळे, बाहेर हातगाड्यांची गर्दी. ही इमारत १८८६ मध्ये उघडली. तेव्हा मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे होते, म्हणून नाव पडलं रे मार्केट. त्याआधी भाजीवाले शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात बसत. पुढे १९३० च्या दशकाच्या शेवटी आचार्य अत्रे म्युनिसिपालिटीत निवडून गेले आणि त्यांच्या पुढाकाराने या बाजाराला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. आज कुणी ‘रे मार्केट’ म्हणत नाही, म्हटलं तरी रिक्षावाल्याला कळणार नाही.

आता यातली गोम बघा. ज्या जोतीरावांचं नाव या इमारतीला आहे, त्या जोतीरावांनी ही इमारत बांधण्याला विरोध केला होता. लाखो रुपये खर्चून बाजाराची इमारत उभी करण्यापेक्षा ते पैसे गोरगरिबांच्या शिक्षणाला लावा, असं त्यांचं म्हणणं होतं. ही हकिकत पुण्यात गंमत म्हणून सांगतात, लोक हसतात आणि पुढे जातात. आम्हाला मात्र तिथेच थांबावंसं वाटतं. कारण हा विरोध करणारा माणूस बाहेर रस्त्यावर उभा नव्हता, तो म्युनिसिपालिटीच्या सभागृहात खुर्चीवर बसलेला होता. आणि त्या खुर्चीपर्यंत तो बांधकामाच्या धंद्यातून आला होता. दगड काय भावाने पडतो आणि चुना किती लागतो हे त्या सभेत ज्यांना पक्कं ठाऊक होतं त्यांच्यापैकी तो एक. असा माणूस इमारतीला ‘नको’ म्हणतो, तेव्हा त्या नकाराचा अर्थ वेगळा होतो.

आपण नेहमी फुल्यांच्या नावामागे काय लावतो? महात्मा, क्रांतिसूर्य, समाजसुधारक. ते स्वतः काय लावत? १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी जे निवेदन दिलं, त्याखाली १९ ऑक्टोबर १८८२ ही तारीख आहे, जुना गंज पेठेचा पत्ता आहे, आणि सहीखाली स्वतःची ओळख अशी दिली आहे : व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर. तेव्हाचा म्युनिसिपल कमिशनर म्हणजे आजचा आयुक्त नव्हे बरं का. म्युनिसिपालिटीच्या सभासदालाच तेव्हा कमिशनर म्हणत. आज आपण ज्याला नगरसेवक म्हणतो, साधारण तो. तर हा माणूस शाळा काढून चौतीस वर्षं झाल्यानंतर, ‘गुलामगिरी’ लिहून नऊ वर्षं झाल्यानंतर, शिक्षणावरच्या आयोगापुढे उभा राहतो आणि सांगतो की आम्ही व्यापारी, शेतकरी, नगरसेवक. लेखक म्हणत नाही, सुधारक म्हणत नाही.

ही ओळख आम्हाला आज गंभीरपणे घ्यायची आहे. आमचं म्हणणं थोडक्यात असं, की धंद्यात मुरलेला माणूस सभागृहात काय घेऊन येतो याचं उत्तर फुल्यांच्या म्युनिसिपालिटीतल्या वर्षांत सापडतं, आणि त्याहून जास्त ‘शेतकऱ्याचा असूड’ या पुस्तकात सापडतं. हे पुस्तक कंत्राटदाराच्या डोळ्यांनी लिहिलेलं आहे. तसं ते वाचलं की त्याचं बळ कशात आहे तेही दिसतं आणि ते कुठे सैल पडतं तेही दिसतं.

आधी धंदा काय होता ते बघू. घराण्याचं मूळ आडनाव गोऱ्हे. पेशव्यांकडे फुलं पुरवायचं काम आलं आणि फुले हे नाव चिकटलं. म्हणजे आडनावच धंद्यातून आलेलं. वडील गोविंदराव, शेती आणि फुलं-भाजीचं दुकान. जोतीरावांनी पुढे ओतकामाला लागणाऱ्या साच्यांची विक्री केली, बांधकामाची कंत्राटं घेतली, चुना-दगड पुरवला, भाजीपाल्याचा व्यापार केला, मांजरीला शेती केली. ‘पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी’ हे त्यांच्या व्यवसायाचं नाव. कात्रजचा बोगदा, येरवड्याचा पूल, खडकवासल्याचं धरण या कामांशी चरित्रकार त्यांचं नाव जोडतात. ही सगळी सरकारी बांधकामं. एकोणिसाव्या शतकाच्या त्या दशकांत पुण्याच्या आसपास इंग्रज सरकारचं इंजिनियर खातं म्हणजे सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होतं.

आणि हे एकट्या जोतीरावांचं नव्हतं. सत्यशोधक समाजाच्या पहिल्या फळीत मुंबईच्या कामाठीपुऱ्यातले तेलुगू बांधकाम कंत्राटदार होते. रामय्या व्यंकय्या अय्यावारू हे त्यातलं ठळक नाव. चळवळीला लागणारा पैसा यांच्यासारख्यांकडून आला. आपण चळवळीचा इतिहास सांगताना विचार सांगतो, भाषणं सांगतो. छापखान्याचे, जागेचे, प्रवासाचे पैसे कुणी दिले हे विचारत नाही. या चळवळीमागे दगड-विटांच्या धंद्यातला पैसा होता, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. उलट स्वतःच्या पायावर उभे राहिल्यामुळेच यांना ना सरकारी नोकरी सांभाळायची होती, ना कुणा संस्थानिकाची मर्जी.

आता म्युनिसिपालिटी. १८७६ ते १८८२ या काळात फुले पुणे म्युनिसिपालिटीचे सभासद होते. एक गोष्ट लक्षात ठेवायची, की तेव्हा हे सभासद सरकारने नेमलेले असत. लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव १८८२ चा. निवडणुकीची वाट त्यानंतर रुंद झाली. म्हणजे ज्या सरकारची कंत्राटं घ्यायची त्याच सरकारने दिलेली खुर्ची. अशा माणसाकडून काय अपेक्षा असते? गप्प बसावं, हात वर करावा, बिल वेळेवर पास करून घ्यावं.

यानंतर काय झालं ते चरित्रांत नोंदलेलं आहे. लॉर्ड लिटन पुण्याला येणार म्हणून स्वागतासाठी, शोभेसाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव सभेपुढे आला. जोतीरावांनी सांगितलं, हे पैसे गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा. मत घेतलं गेलं. बत्तीस सभासदांपैकी विरोधी मत एकट्या जोतीरावांचं पडलं.

एक हजार रुपये. म्युनिसिपालिटीच्या हिशेबात ही काही डोंगराएवढी रक्कम नव्हती. पण पताका, तोरणं आणि रोषणाईत हजार रुपये कसे विरघळतात, आणि त्याच पैशांत दुसरं काय उभं राहतं, हे ज्याने आयुष्यभर एस्टिमेटं केली त्याला चटकन दिसतं. सरकारी कामांवर पोट असलेला, सरकारनेच नेमलेला माणूस थेट व्हाइसरॉयच्या स्वागतालाच विरोध करतो, यात त्याने काय पणाला लावलं हेही लक्षात घ्या. पुढचं टेंडर दुसऱ्याला गेलं असतं तर कुणाला जाब विचारणार होता?

दुसरी गोष्ट दारूच्या दुकानांची. १८८० मध्ये त्यांनी म्युनिसिपालिटीला पत्र लिहून शहरातल्या दारूच्या दुकानांबद्दल तक्रार केली. एकीकडे शहराच्या आरोग्यावर म्युनिसिपालिटी पैसे खर्च करते, आणि दुसरीकडे आरोग्य बुडवणारी दुकानं उघडली जातात. मग निदान त्यांच्यावर कर तरी बसवा. हे म्हणणं नीतीच्या उपदेशासारखं कमी आणि जमाखर्चासारखं जास्त वाटतं. नुकसान कुणाचं, भरपाई कुणाकडून, हा हिशेब त्यात आहे.

आणि तिसरी गोष्ट मंडईची, जिथून आपण सुरुवात केली. इथे आम्ही थोडं थांबणार आहोत, कारण टीका करायची तर दोन्ही बाजूंनी करायला हवी. मंडईला विरोध करण्यात जोतीराव बरोबर होते का? आम्हाला वाटतं, पूर्णपणे नव्हते. उन्हापावसात उघड्यावर बसणाऱ्या माळणी, बागवान, भाजीवाल्या बायका या त्यांच्याच माणसांना छप्पर मिळालं. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ त्या छपराखाली हजारो घरांच्या चुली पेटत राहिल्या. इमारत वाया गेली असं कुणी म्हणणार नाही. पण त्यांचा प्रश्न इमारत चांगली की वाईट हा नव्हताच. तिजोरीत पैसा मोजका, मग आधी काय आणि नंतर काय, हा त्यांचा प्रश्न होता. आधी भव्य बाजार की आधी शाळा? हा क्रम कोण लावतं, आणि ज्याच्या करातून पैसा येतो त्याला विचारून लावतं का? उत्तर चुकलं असेल, पण प्रश्न चुकला नव्हता, आणि तो आजही प्रत्येक महापालिकेच्या सभागृहात उभा आहे.

आता पुस्तकांकडे वळू. गंमत अशी की सभासद होण्याच्या तीन वर्षं आधी, १८७३ च्या ‘गुलामगिरी’त, जोतीरावांनी याच म्युनिसिपालिटीवर कोरडे ओढले होते. धोंडिबा आणि जोतीराव यांच्या संवादातल्या पंधराव्या भागात शाळाखातं, दक्षिणा प्राईज कमिटी, वर्तमानपत्रवाले यांच्या रांगेत म्युनिसिपालिटीही आहे. पेठापेठांतल्या पाण्याच्या सोयीत कसा फरक होतो हा तिथला मुद्दा. त्याच पुस्तकात इंजिनियर खात्यातल्या लबाडीवर एक पवाडाही आहे. पवाडा म्हटलं की आपल्याला शिवाजीमहाराज, तानाजी आठवतात. इथे पवाड्याचा विषय आहे सरकारी बांधकाम खातं! ज्याने त्या खात्याच्या दारात बिलासाठी हेलपाटे घातले असतील त्यालाच असा पवाडा सुचावा.

इथे एका शब्दाकडे तुमचं लक्ष वेधतो. जोतीरावांच्या मराठीत ‘कामगार’ म्हणजे मजूर नाही. कामगार म्हणजे सरकारी खात्यातला अंमलदार, कारकून. ‘गोरे कामगार’, ‘भट कामगार’ असे शब्द त्यांच्या लेखनात जागोजाग येतात, आणि आजचा वाचक हमखास घोटाळ्यात पडतो. तेव्हा काम ‘करणारा’ एक आणि ‘कामगार’ म्हणवणारा दुसरा. हा फरक त्यांच्या काळच्या भाषेतच होता. पण दगड फोडणाऱ्याच्या बाजूला उभं राहून लिहिणाऱ्या माणसाच्या हातात त्या शब्दाला धार येते.

आता ‘शेतकऱ्याचा असूड’. १८८३ च्या जुलैत हे पुस्तक पुरं झालं. म्हणजे म्युनिसिपालिटीतली वर्षं संपता संपता ते लिहिलं जात होतं. याचे भाग त्यांनी ठिकठिकाणी लोकांसमोर वाचून दाखवले. बडोद्याला सयाजीराव गायकवाडांनीही ऐकले. म्हणजे हेही एका अर्थाने आपल्यासारखं जाहीर व्याख्यानच, मागाहून पुस्तकात आलेलं. त्यात पाच प्रकरणं आहेत. पहिल्यात धर्मविधींच्या नावाखाली शेतकरी जन्माच्या आधीपासून मेल्यानंतरपर्यंत कसा नाडला जातो ते आहे. दुसऱ्यात गोऱ्या अंमलदारांची ऐषारामी वृत्ती आणि त्यांचं हाताखालच्या भट कामगारांवर विसंबणं. तिसऱ्यात इतिहास आणि सरकारी खर्च. चौथ्यात शेतकऱ्याची प्रत्यक्ष स्थिती. पाचव्यात उपाय.

हे पुस्तक सहसा संतापाचं पुस्तक म्हणून वाचलं जातं. संताप आहेच, नावातच असूड आहे. पण आपण जरा त्याची मोजमाप-वही उघडून बघू.

पहिलं प्रकरण घ्या. गर्भाधानापासून श्राद्धापर्यंत एकेक विधी घेत, सणामागून सण घेत ते पुढे जातात आणि प्रत्येक ठिकाणी शेतकऱ्याच्या गाठीचं काय गेलं ते दाखवतात. दुसरा कुणी सुधारक असता तर त्याने अंधश्रद्धेवर प्रवचन दिलं असतं. जोतीराव बिल मांडतात. बाबवार. वाचता वाचता लक्षात येतं, की एकेक रक्कम बारकी आहे, बेरीज मात्र माणूस मोडणारी आहे.

चौथं प्रकरण हे या पुस्तकाचं हृदय आहे असं आम्हाला वाटतं. तिथे ते आपल्याला शेतकऱ्याच्या घरात नेतात. घरात काय आहे, भांडी कोणती, अंथरूण-पांघरूण कशाचं, अंगावर काय, ताटात काय, गोठ्यात काय. एखाद्या जप्तीचा पंचनामा वाचावा तसं हे वर्णन आहे. पण पंचनामा करणारा अंमलदार वस्तू उचलायला येतो. हा माणूस काय काय नाही ते मोजायला आलेला आहे. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी गद्यात गरिबीची इतकी तपशीलवार मोजदाद क्वचितच सापडते. करुण शब्द फार वापरावे लागत नाहीत, वस्तूंची यादीच बोलते. आणि ही नजर कुठली? कामावर आलेल्या मजुराच्या पायात वहाण आहे की नाही, डबकीत भाकरी आहे की नाही, हे रोज बघणाऱ्याची.

पाचवं प्रकरण उपायांचं. इथे तर कंत्राटदार उघडच समोर येतो. डोंगरउतारावरची माती वाहून जाते, ती अडवायला ताली-बंधारे घाला, तळी-तलाव बांधा. ठीक, पण मजूर कुठून आणायचे, पैसा कुठला? जोतीरावांचं उत्तर असं, की पलटणीतले आणि पोलिसांतले लोक फुरसतीच्या वेळी या कामाला लावा. बघा, ज्याचा पगार आधीच चालू आहे आणि जो रिकामा बसला आहे, ती मजुरी आधी वापरा. कुठलाही मुकादम हेच म्हणेल. पाणी कुठे लागेल ते दाखवणाऱ्या पाणाड्यांची मदत घ्या, जनावरांची अवलाद सुधारा, चांगली शेती करणाऱ्यांना बक्षिसं द्या, शेतकऱ्यांच्या मुलांना शिकवा. आणि कालव्याच्या पाण्याचं काय? प्रत्येकाच्या जमिनीच्या मानाने ज्याला त्याला तोटी करून द्या, म्हणजे पाणी वाया जाणार नाही आणि कुणाला कमी पडणार नाही.

ही तोटी आम्हाला फार बोलकी वाटते. खडकवासल्याचं पाणी एकीकडे शहराला आणि दुसरीकडे कालव्याला, असं एकाच धरणातून येत होतं. शहरात नळाच्या तोट्या आल्या होत्या. जो माणूस त्या धरणाच्या कामाशी जोडलेला आहे, म्युनिसिपालिटीत बसून शहराच्या पाण्याचं ऐकतो आहे, आणि मांजरीला स्वतः शेती करतो आहे, त्याच माणसाच्या डोक्यात शहराची तोटी शेताच्या बांधावर जाऊन बसते. व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर! सहीतले तिन्ही शब्द त्या एका तोटीत एकत्र आले आहेत.

असूडात म्युनिसिपालिटीच्या जकातीचीही तक्रार आहे. शेतकरी गाडी भरून शहरात येतो, नाक्यावर जकात भरतो, आणि विकून हातात काय उरतं? सभासद राहिलेला माणूस हे नाक्याच्या पलीकडून बघतो आहे. सभागृहात बसणाऱ्यांपैकी किती जणांनी जकात नाका गाडीवानाच्या बाजूने पाहिला असेल?

आता उणं काय ते सांगू, नाहीतर ही समीक्षा राहणार नाही, पूजा होईल. तिसऱ्या प्रकरणाच्या इतिहासाच्या भागात जोतीरावांची वही हातातून सुटते. आर्य कुठून आले, त्यांनी काय केलं, याची जी मांडणी ते करतात ती त्या काळात उपलब्ध असलेल्या तर्कांवर उभी आहे आणि तिथे मोजमाप नाही. एका सबंध जातीला हजारो वर्षांसाठी एकाच मापाने मोजलं जातं. वाक्यं लांबतात, विशेषणं वाढतात. त्याच प्रकरणात गोऱ्या-काळ्या कामगारांचे पगार आणि पेन्शनी यांचा विषय आला की गद्य पुन्हा ताठ होतं. आमचं निरीक्षण असं, की जोतीराव जिथे मोजतात तिथे त्यांना उत्तर देणं अवघड जातं, आणि जिथे मोजणं सोडतात तिथे विरोधकाला फट सापडते. गेली शंभर वर्षं त्यांचे टीकाकार बहुतेक त्या फटीतूनच आत शिरले, आणि चौथं-पाचवं प्रकरण न वाचता परत गेले.

पण त्यांच्या जवळच्या माणसांनाही हे पुस्तक पचलं नाही, हेही सांगायला हवं. ‘दीनबंधू’ हे सत्यशोधकांचं पत्र. ते चालवत होते नारायण मेघाजी लोखंडे, ज्यांनी पुढे गिरणी कामगारांची चळवळ उभी केली. त्यांनी असूडाचे पहिले दोन भाग छापले आणि पुढचे छापायचं थांबवलं. जोतीराव रागावले, आणि तो राग त्यांनी लपवला नाही. सबंध पुस्तक छापून लोकांच्या हाती यायला त्यानंतर कित्येक दशकं जावी लागली. आम्ही लोखंड्यांना भित्रा म्हणणार नाही. पत्र चालवणं हाही एक धंदा आहे आणि त्यालाही हिशेब असतो. पण सभागृहात एकतीसांविरुद्ध एक आणि स्वतःच्या घरातही एकटे, अशी त्या माणसाची त्या दोन-तीन वर्षांतली अवस्था होती, एवढं ध्यानात घ्या.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक, पण आज याचं काय? सांगतो.

आज ‘ठेकेदार’ आणि ‘नगरसेवक’ हे दोन शब्द एका वाक्यात आले की आपल्या तोंडावर काय भाव येतो? टक्केवारी. दर उन्हाळ्यात उखडणारे पेव्हर ब्लॉक. गल्लीतल्या मंडळाचा कार्यकर्ता, मग छोटी-मोठी कामं, मग वॉर्डातला ‘भाऊ’, मग तिकीट, मग काम आपल्याच माणसाच्या नावावर. ही वाट सगळ्यांना ओळखीची आहे. ती इतकी ओळखीची आहे की कायद्यानेही तिची दखल घेतली. महापालिकांचा जो १९४९ चा अधिनियम आहे, त्याच्या दहाव्या कलमात म्हटलं आहे, की महापालिकेशी झालेल्या कंत्राटात ज्याचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध आहे तो नगरसेवक म्हणून अपात्र. कलम कागदावर चोख आहे. मेव्हण्याच्या नावापुढे ते कितपत पोहोचतं, ते तुम्ही तुमच्या वॉर्डात बघा.

यावर एक उपाय हमखास सुचवला जातो. धंदेवाले नकोत, शिकलेले, स्वच्छ, तज्ज्ञ लोक सभागृहात पाठवा. आम्हाला हा उपाय अर्धवट वाटतो. सभागृहात गवंडी नसेल, प्लंबर नसेल, भाजीवाली नसेल, रिक्षावाला नसेल, तर एस्टिमेटमध्ये फुगवलेला ब्रासचा आकडा कोण पकडणार? पाइप किती इंची हवा आणि किती इंची टाकला हे कोण सांगणार? तज्ज्ञ अहवाल वाचतो. कारागीर खड्ड्यात उतरून बघतो. शहराला दोघेही लागतात, आणि गेल्या काही वर्षांत आपण दुसऱ्याला एकतर ‘भ्रष्ट’ म्हणून बाजूला सारलं आहे किंवा फक्त खरोखर भ्रष्ट असलेल्यालाच आत घेतलं आहे. पुण्यात तर मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यानंतर बराच काळ निवडून आलेलं सभागृहच नव्हतं, प्रशासकाने कारभार केला. अंदाजपत्रकं मांडली गेली, मंजूर झाली. हजार रुपयांच्या तोरणाला ‘नाही’ म्हणणारा एक हातसुद्धा तिथे वर होऊ शकत नव्हता, कारण हात वर करायला माणूसच नव्हता.

म्हणून जोतीरावांच्या सहीतला ‘व्यापारी’ हा शब्द आम्हाला परत हवा आहे. धनंजय कीरांनी आपल्या चरित्रात कंत्राटदारीची आणि म्युनिसिपालिटीची माहिती दिली आहे, म्हणजे ती कुणी लपवलेली नाही. पण पाठ्यपुस्तकात, जयंतीच्या भाषणात, फलकावर ती येत नाही. का येत नाही? आम्हाला वाटतं, आपल्याला थोडी लाज वाटते. महात्मा आणि टेंडर एका वाक्यात बसवायला संकोच होतो. त्या संकोचाची किंमत अशी, की ‘ठेकेदार’ हा शब्द आपण सर्वात वाईट ठेकेदारांच्या स्वाधीन करून टाकला. धंद्यातून राजकारणात येण्याचा एक सरळ, स्वच्छ रस्ता याच शहरात गंज पेठेतून निघाला होता, हे नव्या मुलामुलींना कुणी सांगितलंच नाही.

त्या रस्त्याच्या खुणा अगदी साध्या आहेत. धंद्यात शिकलेलं मोजमाप सभागृहात न्यायचं. सभागृहातली ओळख धंद्यात आणायची नाही. या माणसाच्या शेवटच्या आजारपणात घरात पैशाची ओढाताण होती. १८९० मध्ये ते गेले तेव्हा कंत्राटदाराच्या घरात गडगंज काही उरलेलं नव्हतं. त्या एका गोष्टीवरून सगळं सिद्ध होतं असं आम्ही म्हणत नाही; धंदा बुडूनही माणूस गरीब होतो. पण सहा वर्षं सभासद राहून घर भरलं नाही, एवढं त्यातून नक्की दिसतं.

शेवटी एक दृश्य सांगतो आणि थांबतो. गो. पु. देशपांडे यांचं ‘सत्यशोधक’ हे फुल्यांवरचं नाटक. काही वर्षांपूर्वी अतुल पेठे यांनी ते पुण्यात बसवलं, आणि त्यात कामं केली पुणे महानगरपालिकेच्या सफाई कामगारांनी. दिवसा रस्ता झाडायचा, संध्याकाळी तालीम. कलाकृती म्हणून त्या प्रयोगावर स्वतंत्र बोलता येईल. आज आम्हाला त्यातली एकच गोष्ट सांगायची आहे. ज्या संस्थेच्या सभागृहात जोतीराव एकटे पडले होते, त्याच संस्थेच्या हजेरीपटावरची माणसं रंगमंचावर जोतीरावांची गोष्ट सांगत होती. आणि आता ‘कामगार’ या शब्दाचा अर्थही बदलला होता. जोतीरावांच्या मराठीतला कामगार खुर्चीवर बसून हुकूम सोडायचा. या प्रयोगातले कामगार हातात झाडू घेणारे होते. तो शब्द शंभर वर्षांत योग्य माणसाकडे आला.

सभागृहातली खुर्ची मात्र अजून त्या माणसाकडे पुरती आलेली नाही. पुढच्या वेळी मंडईत भाजी घ्यायला गेलात, तर वर नाव वाचा आणि एवढंच आठवा, की या नावाच्या माणसाने या इमारतीचा खर्च विचारला होता. तुमच्या महापालिकेचं अंदाजपत्रक मागून घेता येतं, वाचता येतं. त्यातला एखादा आकडा तुमच्या धंद्यातला असेल. तेवढा एक तरी तपासून बघा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.